डेव्हनच्या शिवेवरचे ‘इंडियन’

डेव्हन ॲव्हेन्यूवर पोहे, साबुदाणा, कोकम आणायला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी जवळच्या ‘इंडियन बाउंड्री पार्क’ची पाटी वाचली असेल. हे नाव आपल्याच वस्तीवरून पडले असावे, असा नवख्या माणसाचा समज होतो. प्रत्यक्षात ते आपल्या येथे येण्याच्या पुष्कळ आधीचे आहे. त्यातले ‘इंडियन’ म्हणजे या भूमीचे मूळ रहिवासी.

१८१६ साली सेंट लुईस येथे झालेल्या तहात ओडावा, ओजिब्वे व पोटावाटोमी लोकांकडून अमेरिकन सरकारने मिशिगन सरोवरापासून नैर्ऋत्येकडे जाणारा जमिनीचा पट्टा घेतला. शिकागो नदीच्या मुखापासून किनाऱ्याने १० मैल उत्तरेला आणि १० मैल दक्षिणेला अशा त्याच्या दोन शिवा ठरल्या. सरोवर आणि इलिनॉय नदी जोडणारा कालवा खणण्यासाठी सरकारला ही जमीन हवी होती. तो कालवा १८४८ मध्ये सुरू झाला. उत्तरेची शीव आजच्या रॉजर्स ॲव्हेन्यूच्या रूपाने शिल्लक आहे. शिकागोचे बहुतेक रस्ते पटावरच्या घरांसारखे काटकोनात. हा मात्र तिरका, तो यामुळेच. १८३३ च्या तहाने शिवेपलीकडची जमीनही गेली आणि पोटावाटोमींना मिसिसिपीच्या पश्चिमेला हाकलण्यात आले. शीव पुसली गेली, रस्ता राहिला.

येथील वस्तीला आकार दिला तो सरोवराने. रिज ॲव्हेन्यू ज्या उंचवट्यावरून जातो, तो हिमयुगानंतरच्या सरोवराचा जुना काठ. भोवतीची जमीन दलदलीची, म्हणून जर्मन आणि लक्झेंबर्गी शेतकरी या कोरड्या धारेवर वसले. त्यांनी भाजीपाला पिकवला. १८९६ मध्ये उद्यानाच्या करावरून पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या लोकांत जुंपली, तिला ‘कोबीयुद्ध’ हेच नाव पडले! त्याआधी, १८९३ मध्ये, रॉजर्स पार्क आणि वेस्ट रिज ही दोन्ही गावे शिकागोत सामील झाली होती. डेव्हनचे मूळ नाव चर्च रोड. कॉक्रन नावाच्या विकासकाने फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरावरून ते बदलले. थोडे दक्षिणेला अँडरसनव्हिलमध्ये बाल्टिक किनारा सोडून आलेल्या स्वीडिश लोकांनी आपले गाव थाटले.

पुढे डेव्हनवर ज्यू कुटुंबे आली. १९६५ च्या कायद्याने आपल्याला दार उघडले आणि १९७४ मध्ये पटेल बंधूंनी येथे दुकान थाटले. आज याच रस्त्याच्या वेगवेगळ्या भागांना गांधी, जिना, शेख मुजीब आणि गोल्डा मेयर यांची मानाची नावे आहेत. तिकडे ज्या सीमांसाठी रक्त सांडले, त्या इथे एका चौकात ओलांडता येतात. २०२० च्या जनगणनेत वेस्ट रिजची लोकसंख्या ७७,१२२ होती. आपली अनेक कुटुंबे नेपरव्हिल, शॉमबर्गकडे सरकली. २०१६ मध्ये डेव्हनवर रोहिंग्यांचे सांस्कृतिक केंद्र उघडले.

आपण आपल्या इच्छेने आलो आणि आपल्या सोयीने उपनगरांत गेलो. पोटावाटोमींना तशी निवड नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये शिकागोच्या पश्चिमेला डीकाल्ब परगण्यातील सुमारे १३० एकर जमीन त्यांच्या प्रेअरी बँडसाठी केंद्र सरकारने विश्वस्त म्हणून ताब्यात घेतली. त्यांच्या प्रमुख शाबेने यांची जमीन १८४९ मध्ये बेकायदा विकली गेली होती. त्यातला हा एक तुकडा. तो परत यायला १७५ वर्षे लागली. मुलांना डेव्हनला न्याल, तेव्हा मिठाईच्या दुकानानंतर त्या तिरक्या रस्त्याकडेही वळा. ‘इंडियन’ या शब्दावर आपल्याआधी कुणाचा हक्क होता, हे त्यांना तिथे उभे राहून सांगता येईल.