रट्टराजाचे खारेपाटण दानपत्र
रट्टराजाचे खारेपाटण दानपत्र : दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील मांडलिक राजा रट्टराज याने मत्तमयूर शैव तपस्व्यांना दिलेला संस्कृत ताम्रपट. काळ शके ९३०, ज्येष्ठ पौर्णिमा (इ. स. १००८). देवरूखच्या दक्षिणेस, वाघोटण नदीच्या काठी वसलेल्या खारेपाटण येथे तो मिळाला. हे गाव पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ पासून ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी हा लेख प्रथम प्रसिद्ध केला व पुढे कीलहॉर्न यांनी त्याचे पुनःसंपादन केले.

मत्तमयूर हा शैव सिद्धांताचा अनुयायी असा मठवासी आचार्यांचा संप्रदाय होय. त्याचा उदय मध्य भारतात झाला. अवंतिवर्मा या राजाने पुरंदर नावाच्या आचार्यास मत्तमयूर या नगरी आणले, असे राणोद येथील शिलालेखावरून कळते. कलचुरींच्या आश्रयाने संप्रदायाचा पुष्कळ विस्तार झाला. चंद्रेहे (मध्य प्रदेश) येथील ९७३ च्या लेखाचा मठ त्याची साक्ष देतो. खारेपाटण लेखातील दान स्वीकारणारा आत्रेय हा अंभोजशंभूचा शिष्य असून तो मत्तमयूरांच्या कर्करोणी शाखेचा होता.

दानाचे हेतू लेखात स्पष्ट सांगितले आहेत : अव्वेश्वर देवाची पूजा, देवालयाची डागडुजी आणि तपस्वी, विद्यार्थी व अभ्यागत यांचे अन्नवस्त्र. यासाठी कूष्मांडी, असनवीर व वडंगुळे ही तीन गावे दिली. देवालयाच्या सेवेसाठी सेवेकरी स्त्रिया, तेली, माळी, कुंभार व परीट यांची कुटुंबेही नेमून दिली. सर्वांत लक्षणीय तरतूद सागरी व्यापाराविषयीची आहे. परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण व कंदलमूलीय येथून येणाऱ्या जहाजामागे एक सुवर्ण धरण देवस्थानास मिळावयाचे होते. म्हणजे विरक्तांचा योगक्षेम बंदराच्या भरभराटीवर आणि जकात वसूल करणाऱ्या सत्तेवर अवलंबून होता.

ही सत्ता मात्र अस्थिर होती. मूळ पुरुष सणफुल्ल याने राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेने सह्याद्री व समुद्र यांमधील प्रदेश मिळविला आणि त्याचा पुत्र धम्मियर याने वलिपत्तन हे ठाणे वसविले, असे लेखात म्हटले आहे. वा. वि. मिराशी यांनी वलिपत्तन म्हणजे खारेपाटण असे मानले आहे. ९७३ मध्ये तैलपाने राष्ट्रकूटांचा पाडाव केल्यानंतर हे घराणे चालुक्यांचे मांडलिक बनले. दानपत्रात रट्टराज चालुक्य सत्याश्रयाचे अधिपत्य मान्य करतो. पण त्याआधी जुन्या राष्ट्रकूट स्वामींची वंशावळही तो आवर्जून देतो. त्याचा दुसरा ताम्रपट १०१० चा असून त्यानंतर या घराण्याचा लेख मिळत नाही. सप्त कोकणांच्या अधिपतींचे सर्वस्व हरण करून आपण कोल्हापूरजवळ तळ दिला, असे चालुक्य जयसिंह १०२४ च्या मिरज ताम्रपटात सांगतो. पुढे हा प्रदेश उत्तर कोकणच्या शिलाहारांकडे गेला.

यूरोपातील समकालीन मठांशी तुलना केल्यास हा फरक उठून दिसतो. अक्विटेनचा ड्यूक विल्यम याने ९१० मध्ये क्लूनी येथे बेनेडिक्टीय मठ स्थापिला, तेव्हा त्यावरील स्वतःचे व वारसांचे सर्व हक्क सोडून देऊन त्याने तो पोपच्या संरक्षणाखाली ठेवला. त्यामुळे दात्याच्या घराण्याच्या उदयास्ताशी मठाचे भवितव्य बांधले गेले नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९० मध्ये तो बंद पडेपर्यंत तो टिकून राहिला. कोकणातील तपस्व्यांना राजसत्तेपलीकडचा असा आधार नव्हता. मत्तमयूरांच्या शाखा दूरदूर पसरल्या होत्या. तथापि गावे व जकात यांचे रक्षण स्थानिक राजाच करू शके.

असे असले, तरी या व्यवहारात दात्याचाही लाभ झाला. सणफुल्लापासून रट्टराजापर्यंतच्या दहा राजांची परंपरा मुख्यतः या दानपत्रामुळेच ज्ञात झाली. तपस्व्यांच्या उदरनिर्वाहासाठी कोरलेले तीन पत्रे हेच त्या राजघराण्याच्या इतिहासाचे प्रमुख साधन ठरले आहे.