उडता सरडा आणि ड्रॅगनचे घराणे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दक्षिण कोकणातल्या एका गावी मी तेव्हा मास्तरकी करीत होतो. सहावीच्या वर्गात प्राण्यांचे वर्गीकरण चालले होते. पंख पक्ष्यांना असतात, वटवाघळांना असतात, कीटकांना असतात. सरपटणाऱ्या प्राण्यांना मात्र उडता येत नाही, असे मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले आणि हातावरचा खडू झटकला. तोच मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"गुरुजी, आमच्या बागेत सरडो उडता."

वर्ग फिसकन हसला. मीही हसलो. हसून थांबलो असतो तर एक वेळ चालले असते. पण गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला टाळी घेण्याची वाईट खोड असते. मी म्हणालो, "अरे, मग तो सरडा नव्हे, ड्रॅगन असेल! तोंडातून जाळ काढतो का रे?"

"खरांच गुरुजी, मिया बघलंय," एवढे बोलून पोर खाली बसले. त्या वर्षात त्याचा हात पुन्हा वर आला नाही. मुलांनी मात्र त्याचे नाव 'ड्रॅगन' ठेवले.

त्या मुलाकडे आपण परत येऊच. त्याआधी ज्याचे नाव घेऊन मी त्याची थट्टा केली, त्या ड्रॅगनची थोडी चौकशी करू. कारण वाचकहो, हा प्राणी आज सिनेमात आणि खेळण्यांच्या दुकानात दिसत असला, तरी शेकडो वर्षे शहाण्यासुरत्या माणसांनी त्याला वाघ-हत्तींइतकाच खरा मानले होते. त्याची मापे घेतली होती, चित्रे काढली होती, आणि प्राणिशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत सापांच्या पंगतीला त्याचे पान मांडले होते.

शब्द मूळचा ग्रीक. 'ड्राकोन' म्हणजे मोठा साप. तो ज्या धातूपासून आला असे मानतात, त्याचा अर्थ आहे 'पाहणे'. आपल्या संस्कृतातील 'दृश्' धातूचे आणि त्याचे गोत्र एकच. 'दृष्टी' आणि 'दर्शन' ज्या घरच्या लेकी, त्याच घरचा हा दांडगा मुलगा. ड्रॅगन म्हणजे डोळे रोखून पाहणारा.

त्याचे गाव म्हणून जुन्या रोमन पंडितांनी आपल्याच देशाकडे बोट दाखवले होते. इ. स. ७७ च्या सुमारास प्लिनी नावाच्या गृहस्थाने सृष्टीतील यच्चयावत वस्तूंची माहिती सदतीस भागांत लिहून काढली. त्यात तो सांगतो की, हिंदुस्थानात एवढे प्रचंड ड्रॅगन असतात की ते हत्तीला विळखा घालतात. शेवटी हत्ती कोसळतो आणि त्याच्या भाराखाली ड्रॅगनही चिरडून मरतो. हत्तीचे रक्त थंड असते म्हणून उन्हाळ्यात ड्रॅगनला त्याची तहान लागते, असे कारणही तो देतो! आपल्याकडचा कोणीही गुराखी हे ऐकून म्हणेल, अहो, हा तर अजगर. खरेच आहे. प्लिनीने अजगर पाहिला नव्हता. अजगराची वार्ता ऐकली होती. वार्ता समुद्र ओलांडून गेली की तिचे पोट वाढते. मात्र या माणसाला केवळ भोळा म्हणून सोडून देता येत नाही. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस पर्वत आग ओकू लागला, तेव्हा तो प्रकार जवळून पाहावा म्हणून तो निघाला. मग अडकलेल्या लोकांना सोडविण्यासाठी जहाजे घेऊन पुढे गेला, आणि तिथेच त्याचा अंत झाला.

नुसत्या ऐकीव गोष्टींवर एखादा प्राणी इतकी शतके जगत नाही. त्याला हाडांचा आधार लागतो, आणि ड्रॅगनला हाडे मिळाली होती! ऑस्ट्रियात क्लागेनफुर्ट नावाचे शहर आहे. त्याच्या परिसरात १३३५ साली एक भलीमोठी कवटी सापडल्याचे सांगतात. गावात ड्रॅगनची कथा होतीच. कवटी त्याचीच ठरली आणि नगरभवनात मानाने ठेवली गेली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चौकात ड्रॅगनचा दगडी पुतळा उभा राहिला, तेव्हा त्याचे डोके या कवटीवरून घडविले गेले. पुतळा आजही तिथे आहे. १८४० साली फ्रान्झ उंगर या शास्त्रज्ञाने ती कवटी ओळखली. ती होती हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची. तो गेंडा युरोपातून केव्हाच नाहीसा झाला होता. गावकऱ्यांना बिचाऱ्यांना गेंडा कसा सुचावा? ते खोटे बोलत नव्हते. हाड खरे होते. बाकीचा देह तेवढा त्यांनी पदरचा घातला.

चीनमध्ये तर 'ड्रॅगनची हाडे' औषधाच्या दुकानांत विकली जात. वैद्य ती कुटून रोग्याला देत. त्या पुड्यांत काय काय गेले असेल देव जाणे! कारण १८९९ च्या सुमारास अशाच हाडांवर कोरलेली अक्षरे जाणत्यांच्या नजरेस पडली, आणि चिनी लिपीचे अतिप्राचीन लेख जगापुढे आले. पुढे १९३५ साली फॉन कोनिग्सवाल्ड या संशोधकाला हाँगकाँगमधल्या एका औषधाच्या दुकानात एक अवाढव्य दाढ मिळाली. ती निघाली एका लुप्त झालेल्या महाकाय वानराची. ड्रॅगन नव्हता, पण त्याच्या नावाच्या बरणीत जे होते, ते त्याच्याहून काही कमी नवलाचे नव्हते.

अर्थात जिथे गिऱ्हाईक आहे तिथे भेसळ आलीच. युरोपातले लबाड लोक पाकट मासा घेत, त्याचे कल्ले कापून पंखांसारखे पसरीत, शेपटी पिळीत, आणि उन्हात वाळवून 'ड्रॅगनचे पिल्लू' म्हणून विकीत. झुरिकच्या कोनराड गेस्नर या प्राणिशास्त्रज्ञाने १५५८ साली आपल्या ग्रंथात ही लबाडी उघड केली. पण त्याच गेस्नरच्या सापांवरील भागात, जो त्याच्या मृत्यूनंतर १५८७ साली निघाला, ड्रॅगन आहेतच! नकली ड्रॅगन ओळखणाऱ्याला अस्सल ड्रॅगन असतो याची शंका आली नाही. माणसाची बुद्धी एका खोलीत दिवा लावते आणि शेजारची खोली अंधारात ठेवते.

इटलीतल्या बोलोन्या शहराजवळ १३ मे १५७२ रोजी एका शेतकऱ्याने दोन पायांचा एक विचित्र 'ड्रॅगन' मारला. नेमक्या त्याच दिवशी बोलोन्याचेच एक सुपुत्र तेरावे ग्रेगरी या नावाने पोप म्हणून निवडले गेले, आणि त्यांच्या घराण्याच्या चिन्हावरही ड्रॅगनच होता! आपल्या भिंतीवर टांगलेले इंग्रजी महिन्यांचे कॅलेंडर १५८२ साली ज्यांनी सुधारले, तेच हे ग्रेगरी. लोक हा शकुन की अपशकुन म्हणून कुजबुजू लागले. तिथला पंडित आल्द्रोव्हान्दी याने मात्र ते कलेवर आपल्या ताब्यात घेतले, त्याचे चित्र काढविले, वर्णन लिहिले. त्याचा सापांचा आणि ड्रॅगनांचा ग्रंथ त्याच्यामागे १६४० साली छापला गेला. निष्कर्ष चुकला असेल, पण रस्ता बरोबर होता. शकुन सांगण्याऐवजी त्याने माप घेतले.

या रस्त्याच्या टोकाला १७३५ साली एक तरुण स्वीडिश माणूस उभा दिसतो. त्याचे नाव लिनियस. जर्मनीतल्या हांबुर्ग शहरात सात डोक्यांचा एक वाळवलेला राक्षसी साप होता आणि मालकाला त्याचे मोठे मोल येईल अशी आशा होती. लिनियसने जवळ जाऊन दात पाहिले. जबडे होते मुंगसाएवढ्या एका मांसाहारी प्राण्याचे, आणि अंगावर चिकटवली होती सापाची कात. त्याने तसे सांगून टाकले, आणि मालकाचा राग ओढवू नये म्हणून शहर सोडले. याच लिनियसने पुढे १७५८ साली जगातल्या प्राण्यांना रीतसर नावे देताना 'ड्राको' हे नाव एका खऱ्याखुऱ्या प्राण्याला दिले. कोणाला, ते सांगतोच.

उलट बाजूचीही एक गोष्ट ऐका. इंडोनेशियातल्या कोमोडो बेटावर दहा फुटांपर्यंत वाढणारी घोरपड आहे. तिथले लोक तिला 'ओरा' म्हणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. बाहेरच्या शास्त्राला मात्र ती १९१२ साली माहीत झाली, जावातल्या एका संग्रहालयाचे प्रमुख औवेन्स यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा. तोवर ओरा बेटावर नव्हती काय? होती. विचारणारा पोचला नव्हता.

आता माझी गोष्ट. त्या प्रसंगानंतरच्या हिवाळ्यात एका पालकांच्या पोफळीच्या बागेत उभा होतो. समोरच्या खोडावरचा सालीचा एक कपचा सुटला, हवेत तिरपा तरंगत गेला आणि पलीकडच्या पोफळीला चिकटला. मग त्याने मान वर केली आणि गळ्याखालची पिवळी झालर फडकावली. सरडा होता. बागेचे मालक शांतपणे म्हणाले, "काय गुरुजी, कधी बघूक नाय?"

घरी येऊन पुस्तके धुंडाळली. पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडील रानांत आणि पोफळीच्या बागांत हा वीतभर प्राणी राहतो, मुंग्या खातो, आणि लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेला कातडीचा पडदा पसरून या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो. शास्त्रीय नाव 'ड्राको डुसुमिएरी'. ड्राको! मी ज्या शब्दाने त्या पोराला हिणवले, तोच शब्द लिनियसने उडत्या सरड्यांच्या कुळाला कधीचा देऊन ठेवला होता. क्लागेनफुर्टच्या लोकांनी निदान कवटी पाहून ड्रॅगन मानला होता. मी तर बागेत जाऊन पाहण्याचेही कष्ट न घेता सरडा नाकारला होता.

मुलगा तोवर सातवीत गेला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वर्गात गेलो आणि सर्वांसमोर म्हणालो, "याचे खरे होते, माझे चुकले होते." पोरे गप्प झाली. त्याच्यापुढे मी पुस्तकातले चित्र ठेवले. माझी अपेक्षा होती, तो खूश होईल. त्याने चित्र उजेडाकडे धरले, बराच वेळ न्याहाळले, आणि मान हलवली.

"ह्यो आमचो न्हय, गुरुजी. पाखांवरची नक्षी येगळी आसा."

मी चित्राखालची बारीक ओळ वाचली. सरडा जावा बेटावरचा होता.