उसावरची लोकर

शाळेच्या बागेत पावट्याच्या वेलावर ढेकणासारखा किडा सापडतो. हात लावताच घाण वास सुटतो, मुले ओरडतात आणि कोणाची तरी चप्पल त्याच्यावर पडते. 'हा कोण?' हे आपण नंतर विचारतो. याच किड्याच्या एका लांबच्या भाऊबंदाने 2002 साली सांगली-साताऱ्याला हा प्रश्न आधी विचारायला लावला. त्याचे नाव लोकरी मावा.

दोघेही हेमिप्टेरा गणातले. सोंड खुपसून झाडाचा रस प्यायचा, हा दोघांचाही धंदा. ढेकण्या संकटात दुर्गंध सोडतो. मावाही शत्रूने गाठले की एक रसायन सोडतो. तो शेजारच्या माव्यांना दिलेला इशारा असतो.

झेंटनर यांनी 1897 साली जावा बेटावरच्या उसावरून या माव्याचे वर्णन केले. भारतात तो 1958 साली पश्चिम बंगालमध्ये आढळला. पुढे ईशान्येकडेही दिसला, पण आपल्याकडे त्याची दखल घ्यायचे कारण नव्हते. जुलै 2002 मध्ये तो सांगली जिल्ह्यात दिसला आणि काही महिन्यांत सातारा, कोल्हापूर ओलांडून कर्नाटकात पोचला. पानांच्या मागे कापूस चिकटवल्यासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर चिकट गोड स्राव आणि त्यावर काळी बुरशी. माद्या नराशिवायच पिल्ले घालतात, मग वेळ कितीसा लागणार!

फवारे सुरू झाले. पण पुरुषभर उंच उसात शिरून पानाची मागची बाजू भिजवायची कशी? शिवाय औषधाने माव्याबरोबर त्याला खाणारेही मरत होते.

कारण खाणारे आले होते. लोकरीत जाळे विणून एक अळी राहत होती. अळी दिसली की पिकाची शत्रू, असे आम्हीही वर्गात बिनदिक्कत सांगत आलो. ही मात्र ऊस सोडून मावा फस्त करत होती! तिचे नाव डिफा. तपकिरी, जाळीदार पंखांच्या मायक्रोमस या कीटकाच्या अळ्याही तेच करत होत्या. मग डिफाच्या अळ्या-कोष असलेली पाने कापून दुसऱ्या फडात टाचली जाऊ लागली. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेने हे मित्रकीटक वाढवून दिले. आसामकडून एन्कार्सिया ही माव्याच्या अंगात अंडी घालणारी चिमुकली माशीही आणली गेली. दोन-तीन हंगामांत मावा आटोक्यात आला.

आता पुन्हा पावट्याकडे. ढेकण्या फार झाले असतील तर सकाळी, ते सुस्त असताना, साबणाच्या पाण्यात झटकावेत. घरात आलेला एखादा कागदावर घेऊन बाहेर सोडला की झाले. पानामागची अंडी मात्र निरखून पाहा. ती काळपट पडली असतील तर चिरडू नका. बाटलीत ठेवून तोंडाला फडके बांधा. ढेकण्याच्या पिल्लांऐवजी बहुधा मुंगीहूनही लहान गांधीलमाश्या बाहेर पडतील. मुलांना त्या मोजू द्या आणि मग वेलापाशी नेऊन फडके सोडा.