शस्त्रक्रियेनंतरची रात्र

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना १६ ऑक्टोबर १८४६ ही तारीख आवर्जून सांगितली जाते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णाला ईथर हुंगायला दिलं आणि सर्जन वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. रुग्ण ओरडला नाही. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणलं, आणि माणसाने वेदनेवर विजय मिळवला असं पुस्तकांत लिहिलं गेलं.

हे सगळं खरं आहे. पण ईथर उतरल्यावर त्या रुग्णाचं काय झालं, हे पुस्तक सांगत नाही. गुंगी तासाभरात उतरते, जखम आठ-पंधरा दिवस ठणकत राहते. टेबलावरच्या त्या तासाचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे. त्यानंतरच्या रात्रीचा इतिहास मात्र विस्कळीत आहे आणि काही ठिकाणी तो वाचवत नाही. या विषयावर जे वाचलं त्यातलं थोडं आज सांगतो.

त्या रात्रीसाठी फार पूर्वीपासून माणसाजवळ औषध असं एकच होतं, ते म्हणजे अफू. अडचण अशी की एका झाडाचा चीक कडक, तर दुसऱ्याचा मवाळ. किती द्यायची याचा भरवसा नाही. थोडी कमी झाली तर उपयोग नाही, थोडी जास्त झाली तर रोगी उठायचा नाही. जर्मनीत एका औषधाच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या झेर्ट्युर्नर नावाच्या विशीतल्या पोराने १८०४-०५च्या सुमारास अफूतला मुख्य अंश वेगळा काढला आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून, मॉर्फियसवरून, त्याला नाव दिलं. त्याचंच पुढे मॉर्फिन झालं. ते खरंच काम करतं का हे पाहायला त्याने स्वतः आणि तीन तरुण मुलांनी ते थोड्या थोड्या वेळाने अर्धा अर्धा ग्रेन घेतलं. चौघेही असे काही लुडकले की शेवटी व्हिनेगर पिऊन ओकाऱ्या काढाव्या लागल्या! १८१७ साली त्याने हे सगळं छापूनही टाकलं. आता मोजून देता येईल असं औषध हाती आलं. १८५३च्या सुमारास एडिंबरोच्या अलेक्झांडर वुडने ते सुईने कातडीखाली द्यायला सुरुवात केली. दुखऱ्या जागीच टोचलं पाहिजे अशी वुडची समजूत होती. लंडनच्या चार्ल्स हंटरने दाखवून दिलं की कुठेही टोचा, गुण सारखाच येतो.

म्हणजे १८६०च्या आसपास औषध होतं, सुई होती, प्रमाणही ठाऊक होतं. प्रश्न सुटायला हवा होता. पण पुढची शंभर वर्षं तो जवळजवळ तिथेच राहिला, कारण औषध कुणाला, कधी, किती द्यायचं हे ठरवणारा माणूस आणि दुखणं सोसणारा माणूस हे दोघे वेगळे होते.

इस्पितळात डॉक्टर कागदावर लिहीत, ‘दर चार तासांनी, गरज पडल्यास’. ही ‘गरज’ कुणी ठरवायची? रोगी घंटा वाजवी. नर्स येई, विचारपूस करी. मग कपाटाची किल्ली, नोंदवही, सह्या. तोवर अर्धा तास गेलेला. इंजेक्शन दिल्यावर ते चढायला आणखी वेळ. मग रोग्याला एवढी गुंगी येई की त्याला जगाचं भान नसे. दोन-अडीच तासांनी औषध उतरलं की तो पुन्हा कळवळू लागे, पण चार तास झालेले नसत! पुन्हा मागितलं तर ‘सवय लागेल’ ही भीती होतीच. यात नर्सचा दोष नव्हता. वॉर्डात चाळीस खाटा आणि रात्री दोन बायका, असा तो हिशेब होता.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याचं जळतं त्याला कळतं. आणि ‘वेदना’ हा शब्द तरी कुठून आला? ‘विद्’ धातूपासून, म्हणजे जाणणे. वेद आणि वेदना ही एकाच धातूची लेकरं. ज्याला होते त्यालाच जी कळते ती वेदना. (वर्गात हा धातू शिकवताना मुलांना गंमत वाटे, म्हणून सांगितलं. असो.)

बाहेरून पाहून वेदना मोजता येत नाही याचा एक विलक्षण पुरावा युद्धातून मिळाला. हेन्री बीचर हे हार्वर्डचे भूलतज्ज्ञ. १९४४ साली ते इटलीत अँझिओच्या आघाडीवर होते. मोठ्या जखमा झालेले सैनिक त्यांच्यासमोर येत. ‘दुखतंय का? औषध देऊ का?’ असं विचारलं की बहुतेक जण नको म्हणत. युद्ध संपल्यावर त्यांनी ऑपरेशन झालेल्या साध्या नागरिकांना तोच प्रश्न विचारला. त्यांच्या जखमा तुलनेने लहान होत्या, तरी १९५६ साली छापलेल्या आकड्यांप्रमाणे त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांनी औषध मागितलं. सैनिकांमध्ये हेच प्रमाण ३२ टक्के होतं. बीचर यांनी त्याचा अर्थ असा लावला की सैनिकाला ती जखम म्हणजे घरी परतण्याचं तिकीट वाटत होती आणि नागरिकाला संकटाची सुरुवात. जखमेची लांबी पट्टीने मोजून औषधाचं माप काढता येत नाही, एवढं तरी त्यातून ठरलं.

मग माप कुणी ठरवायचं? १९६८च्या सुमारास फिलिप सेक्झर या अमेरिकन डॉक्टरने सरळ उलटा विचार केला. रोग्यालाच ठरवू दे. रोगी मागेल तेव्हा शिरेतून अगदी थोडंसं औषध, हवं तर लगेच पुन्हा थोडंसं. हेच काम यंत्राकडे सोपवून वेल्समध्ये १९७६ साली ‘कार्डिफ पॅलिएटर’ नावाचं यंत्र निघालं. रोग्याच्या हाती एक बटण. दाबलं की ठरावीक थेंब आत जाणार, आणि मग काही मिनिटं कितीही दाबलं तरी काही मिळणार नाही. यातली सुरक्षेची युक्ती फार साधी आहे. औषध जास्त होऊ लागलं की माणसाला झोप येते, आणि झोपलेला माणूस बटण दाबत नाही. म्हणून तर ते नातेवाइकांनी दाबायचं नाही असा सक्त नियम असतो. आपल्याकडचं ‘मी दाबते हं, तू झोप’ हे प्रेम तिथे जिवावर बेतू शकतं.

लोक सारखं बटण दाबत सुटतील अशी सगळ्यांना भीती होती. तसं झालं नाही. एकसारख्या ऑपरेशननंतर एकाला जेवढं लागे त्याच्या कितीतरी पट दुसऱ्याला लागे, हे मात्र दिसलं. आणि बरेच रोगी दुखणं पार शून्यावर आणतच नसत. मळमळ आणि गुंगी यांच्यापेक्षा थोडं दुखलेलं बरं, असा तोल ते स्वतःच साधत. शंभर वर्षं हा निर्णय दुसऱ्यांनी घेतला होता. ज्याचा होता त्याने तो बऱ्यापैकी शहाणपणाने घेतला.

पण ज्याला मागताच येत नाही त्याचं काय?

आता या इतिहासातला न वाचवणारा भाग आला. अमेरिकेत जोअॅन ईलंड या परिचारिकेने १९७७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ऑपरेशनसाठी दाखल झालेली चार ते आठ वर्षांची २५ मुलं. त्यांच्यापैकी १३ जणांना इस्पितळात असेपर्यंत वेदनाशामकाचा एकही डोस मिळाला नव्हता. उरलेल्या १२ जणांना मिळून २४ डोस. तसेच आजार असलेल्या १८ मोठ्या माणसांना मात्र साडेसहाशेच्या वर डोस दिले गेले होते. मुलांना कमी दुखतं, ती लवकर विसरतात, असं त्या काळचे डॉक्टर खरोखरच मानत. मुलंही सांगत नसत, कारण दुखतंय म्हटलं की सुई येते हे त्यांना अनुभवाने कळलेलं असे. चाळीस मुलांच्या वर्गात ‘पोटात दुखतंय’ म्हणणारं मूल आणि न बोलता बाकावर डोकं टेकणारं मूल यांतला फरक शिक्षकाला रोज पाहावा लागतो. दुसऱ्याकडे आधी पाहावं लागतं.

तान्ह्या बाळांची गोष्ट त्याहून वाईट. त्यांची मज्जासंस्था कच्ची असते, म्हणून त्यांना वेदना होतच नाहीत, असा समज होता. शिवाय भुलीच्या औषधाने त्यांचा श्वास थांबेल ही भीती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची मोठी ऑपरेशनंसुद्धा कित्येकदा स्नायू लुळे करणारं औषध आणि जुजबी वायू यांवरच उरकत. बाळ हलत नसे, म्हणून दुखत नसेल! १९८५ साली अमेरिकेत अशाच एका बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधली गेली. पुढे ते दगावलं. बाळाला फक्त लुळं करणारं औषध दिलं होतं हे आईला नंतर कागदपत्रांतून कळलं. तिने ते वर्तमानपत्रांतून जगाला सांगितलं, आणि लोक हादरले.

विचित्र असं की याच जगात तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल जुनी होती. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका मूल दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची इवलीशी गोळी देत. त्यात किती लेकरं कोमेजली असतील, देव जाणे. म्हणजे पोटच्या गोळ्याला पाळण्यात अफू मिळत होती आणि ऑपरेशनच्या टेबलावर नाही.

हे चित्र ज्याने बदललं तो डॉक्टर इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजातून शिकून गेलेला. के. जे. एस. आनंद. आपल्या होळकरांच्या इंदुरातून हा तरुण ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. तिथे त्याच्या लक्षात आलं की इथून बरी गेलेली बाळं ऑपरेशनहून परत येतात ती निस्तेज, ढासळलेली. त्याने आणि सहकाऱ्यांनी १६ अपुऱ्या दिवसांची बाळं घेतली. सगळ्यांना नेहमीचंच दिलं, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्यांना त्याशिवाय फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक. रक्त तपासल्यावर दिसलं की ज्यांना ते मिळालं नव्हतं त्यांच्या शरीरात वेदनेच्या ताणाचं वादळ उठलं होतं, आणि ऑपरेशननंतरचे त्रासही त्यांनाच जास्त झाले. हा निबंध जानेवारी १९८७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे बोस्टनमध्ये हिकी यांच्यासह केलेला ४५ बाळांच्या हृदय-शस्त्रक्रियांचा अभ्यास १९९२ साली आला. भूल आणि नंतरचं वेदनाशमन भरपूर मात्रेत मिळालेल्या ३० बाळांपैकी एकही दगावलं नाही. नेहमीच्या, हलक्या पद्धतीने हाताळलेल्या १५ पैकी चार गेली. दुखणं थांबवणं म्हणजे लाड नव्हे, हे कळायला १९८७ उजाडावं लागलं. मोठ्यांचंही तेच. पोटावर टाके असलेला माणूस दुखतं म्हणून खोकत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो.

मग लंबक दुसरीकडे गेला. १९८० साली एका अमेरिकन वैद्यकीय साप्ताहिकात पाच वाक्यांचं पत्र आलं होतं. इस्पितळात अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याची चारच उदाहरणं सापडली, एवढंच त्यात होतं. ते पत्र सहाशेहून अधिक वेळा आधार म्हणून दिलं गेलं, आणि इस्पितळाबाहेर महिनोन्‌महिने गोळ्या खाणाऱ्यांनाही ते लावलं गेलं. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आली, आणि पुढचा अमेरिकेतला हाहाकार सर्वांना माहीत आहे. आपल्याकडे नेमकं उलट झालं. १९८५ साली अंमली पदार्थांचा कडक कायदा आला. एका बाटलीसाठी इतके परवाने आणि चूक झाल्यास तुरुंगाची इतकी धास्ती, की देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९९७पर्यंत सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकत होती, गाझीपूरच्या कारखान्यात जात होती, आणि आपल्याच वॉर्डांत मिळत नव्हती. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि इतरांच्या चिवट पाठपुराव्यानंतर २०१४ साली कायदा बदलला.

या दोन टोकांमधून आजची रीत आली. एकाच औषधावर भार टाकायचा नाही, हा विचार डेन्मार्कचे सर्जन केलेट यांनी १९९०च्या दशकात लावून धरला. पॅरासिटामॉल वेळच्या वेळी, दुखण्याची वाट न पाहता. किडनी, पोट आणि रक्तस्राव यांचा धोका नसेल तर सूज उतरवणारी गोळी. जमेल तिथे त्या भागाची नस बधिर करणारं इंजेक्शन. आणि मॉर्फिनसारखं औषध उरलेल्या दुखण्यापुरतं. याच क्षेत्रात स्कॉट रूबेन या अमेरिकन डॉक्टरने वर्षानुवर्षं रुग्णच नसलेले अभ्यास छापले, हे २००९ साली उघड झालं. त्याला तुरुंगवास झाला, पण तोवर कित्येकांनी त्या कागदांवरून औषधं लिहिली होती. मूळ विचार मात्र इतरांच्या खऱ्या अभ्यासांवर टिकला.

सौम्य म्हणून मुलांना दिलं जाणारं कोडीनही असंच निघालं. शरीरात गेल्यावर त्याचं मॉर्फिन होतं, आणि काही जणांच्या यकृतात ते फार झपाट्याने होतं. टॉन्सिल काढल्यावर काही मुलं त्याने दगावली. २०१३ साली अमेरिकेच्या औषध खात्याने तशा मुलांना ते देऊ नये असा इशारा दिला. जानेवारी २०२५मध्ये सुझेट्रिजिन या, अफूच्या घराण्यातल्या नसलेल्या, नव्या गोळीला तिथे मान्यता मिळाली. ती जुन्या गोळ्यांपेक्षा वरचढ ठरलेली नाही, पण तिची सवय लागण्याची भीती नाही असं सांगतात.

आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी मोजपट्ट्या आल्या. मुलांनी बोट ठेवून दाखवायची हसरी-रडकी तोंडं १९८०च्या दशकातली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी कॅनडात १९९६ साली एक कोष्टक तयार झालं. नर्स पाळण्याशी उभी राहून कपाळाची आठी, मिटून घट्ट आवळलेले डोळे, नाकाशेजारची घडी पाहते, नाडी आणि प्राणवायू पाहते आणि गुण मांडते. त्यात बाळ जितकं कमी दिवसांचं, तितके गुण आधीच वाढवून द्यायचे असतात. इतक्या लहान जिवाला दुखलं तरी आठी घालण्याएवढं बळ नसतं, म्हणून.