लहान मस्तकाचा इतिहास

इंग्रजी अमदानीत नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती. त्या प्रांताच्या दशवार्षिक खानेसुमारीचे जुने ग्रंथ चाळू लागले, की जाती, धर्म, भाषा आणि धंदे यांच्या कोष्टकांबरोबरच एक उदास कोष्टक हाती लागते. ते शारीरिक व मानसिक व्यंगांचे. १९३१ पर्यंत ते भरले जात असे आणि त्यात खाती चारच होती : वेडे, बहिरे-मुके, आंधळे आणि महारोगी. ज्या मुलाचे मस्तक जन्मतःच वयाच्या मानाने फार लहान आहे, ज्याला बोलणे उशिरा व तोकडे येते, परंतु जे हसते, माणसे ओळखते आणि आईच्या मागे मागे फिरते, त्याला यांपैकी कोणते खाते लागू पडावे? नागपुरास वेड्यांचे इस्पितळ १८६४ पासून आहे. पण तेथली सोय ज्याचे चित्त भ्रमले त्याच्यासाठी. ज्याचा मेंदू मुळातच पुरता वाढला नाही, ते मूल वेडे नव्हे. सरकारने त्याला वेड्यांत मोजले तर मोजले, नाहीतर मोजलेच नाही.

सरकारी कोष्टकात त्याला जागा नव्हती, तरी लोकांच्या तर्कशास्त्रात मात्र होती. गरोदरपणी आईने ग्रहण पाहिले असेल, ग्रहणात भाजी चिरली असेल, कोणाचा नवस फेडावयाचा राहिला असेल, अशी कारणे नागपूरच्या महालातल्या वाड्यांत जशी निघत तशीच पुण्याच्या पेठांतही निघत. या सगळ्या कारणांत एक गोष्ट समान आहे. आरोपी नेहमी आईच असते. आजच्या भाषणाचा विषय या आरोपाचा निकाल हाच आहे. तो लागावयास दीडशे वर्षे लागली, आणि त्याचे पुरावे पंजाब, पॅरिस, लीड्स आणि मुंबई अशा दूरदूरच्या गावी सापडले.

प्रारंभ पंजाबपासून करू. आज पाकिस्तानात असलेल्या गुजरात या शहरी सतराव्या शतकातील शहादौला नावाच्या साधूचा दर्गा आहे. मूल नसलेल्या स्त्रिया तेथे नवस करीत. नवसाने होणारे पहिले मूल लहान डोक्याचे निपजते आणि ते दर्ग्याला अर्पण करावे लागते, न केल्यास पुढची मुलेही तशीच होतात, असा समज होता. अशा मुलांना लोक 'शहादौल्याचे चूहे', म्हणजे उंदीर म्हणत. फकीर त्यांना बरोबर घेऊन गावोगाव भिक्षा मागत. यातून दुसरी एक भयंकर आख्यायिका निघाली, ती अशी की धडधाकट मुलांच्या डोक्यांना लोखंडी टोप घालून फकीरच त्यांना असे बनवितात. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळाचे अधीक्षक इवेन्स यांनी १९०३ साली 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये या लोकांवर लेख लिहिला, तेव्हापासून वैद्यकाच्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख येऊ लागला.

टोपाची कथा शरीरशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातील काही प्राचीन जमाती तान्ह्या मुलांची डोकी फळ्यांनी व पट्ट्यांनी बांधीत; त्यांच्या कवट्या लांबुळक्या झालेल्या आढळतात, पण आत मेंदूला जागा कमी पडलेली नसते. बाहेरून दाबल्याने कवटीचा आकार बदलतो. मेंदूचे मोजमाप त्यामुळे तिसऱ्या हिश्श्यावर येत नाही. फकिरांनी या मुलांना भिकेस लावले, हा दोष त्यांच्या पदरी आहेच. परंतु ही मुले त्यांनी घडविली, हा आरोप सिद्ध होत नाही.

आता कोणी म्हणेल, हे अडाणी लोकांचे झाले. युरोपातील शास्त्रज्ञ काय म्हणत होते? तिकडचा प्रकारही फारसा अभिमानास्पद नाही. कार्ल फोग्ट याने १८६७ साली लघुमस्तक माणसांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला आणि ही माणसे म्हणजे वानर व मानव यांमधील लुप्त पायरीची पुनरावृत्ती होय, असा सिद्धांत मांडला. डार्विननेही १८७१ च्या आपल्या ग्रंथात फोग्टचा आधार घेतला. कोणाच्या तरी पोटच्या पोराला वानर ठरविणे हे त्या काळी विज्ञान म्हणून खपले. दुसरा पक्ष कवटीला दोष देणारा होता. कवटीचे सांधे वेळेआधी जुळतात आणि आत मेंदूची कोंडी होते, असे त्याचे म्हणणे. या समजुतीवर भिस्त ठेवून पॅरिसचे शस्त्रवैद्य लानलाँग यांनी १८९० च्या सुमारास अशा मुलांच्या कवटीचे हाड कापून मेंदूला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. युरोप-अमेरिकेत तिची साथच पसरली म्हणा ना. कित्येक मुले टेबलावर किंवा त्यानंतर काही दिवसांत दगावली, आणि जी वाचली त्यांच्या बुद्धीत फरक पडला नाही. न्यूयॉर्कचे बालवैद्य अब्राहम जेकोबी यांनी १८९४ साली रोम येथील वैद्यक परिषदेत या प्रकाराविरुद्ध कडक शब्दांत आवाज उठविला.

लानलाँग यांची चूक निर्दयतेची नव्हती. कार्यालाच त्यांनी कारण मानले, ही ती चूक. मेंदू वाढतो म्हणून कवटी त्याच्या मागोमाग वाढते. आत वाढणारे काही नसेल तर कवटीला वाढावयाचे प्रयोजनच उरत नाही. मग मूळ प्रश्न असा की मेंदू वाढतो कसा?

गर्भाच्या पहिल्या महिन्यात पाठीच्या बाजूस एक नळी तयार होते. तिच्या पुढच्या टोकाचा फुगा म्हणजे भावी मेंदू. या नळीच्या आतील पोकळीला लागून पेशींचा एक थर असतो. वाढीच्या सगळ्या व्यापाराचे भांडवल हा थर होय. या मूलपेशी होत. विल्हेल्म हिस याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोकळीच्या कडेला विभागणाऱ्या गोल पेशी पाहिल्या आणि त्यांना वेगळी जात मानले. १९३५ साली सॉअर याने दाखविले की त्या वेगळ्या नव्हेत. त्याच पेशींचे केंद्रक वर-खाली ये-जा करते आणि विभागणीच्या वेळी पोकळीच्या कडेशी येते. ज्या लांबट पेशी नुसत्या आधाराच्या काठ्या समजल्या जात, त्याच मज्जापेशींना जन्म देणाऱ्या माता आहेत, हे तर २००० ते २००१ या काळात सिद्ध झाले.

या मूलपेशींपुढे प्रत्येक विभागणीच्या वेळी दोन मार्ग असतात. एकीच्या दोन मूलपेशी व्हाव्यात, म्हणजे भांडवल दुप्पट. किंवा एक मूलपेशी राहावी आणि दुसरीने मज्जापेशी बनून वर सरकावे, म्हणजे व्याज हाती येते, भांडवल तेवढेच राहते. आरंभी गर्भ पहिला मार्ग धरतो, पुढे दुसरा. श्रोत्यांनी थोडा हिशेब करावा. एक पेशी दहा वेळा दुप्पट झाली तर १०२४ पेशी होतात. सात वेळा दुप्पट होऊनच व्याज खाण्यास आरंभ झाला तर भांडवल अवघे १२८. फक्त तीन फेऱ्या चुकल्या आणि आठपट तोटा झाला. मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात, आणि त्यांपैकी सुमारे १,६०० कोटी बाह्यकात असतात. एवढ्या मोठ्या आकड्याचे भवितव्य सुरुवातीच्या या थोड्या फेऱ्यांवर अवलंबून असते.

फेऱ्या चुकतात कशाने, याचे उत्तर २००२ साली मिळाले. आणि गंमत अशी की ते पुन्हा शहादौल्याच्या शेजारात जाऊन पोचते. गुजरातपासून फार दूर नसलेल्या मिरपूर भागातील पुष्कळ कुटुंबे, विशेषतः मंगला धरणात गावे बुडाल्यावर, इंग्लंडात यॉर्कशायरला जाऊन स्थायिक झाली. त्यांच्यात नात्यांतील लग्नांची चाल असून लघुमस्तक मुले एकाच घराण्यात पुन्हा पुन्हा आढळत. लीड्सचे जॉफ्री वुड्स आणि त्यांचे सहकारी यांनी पाकिस्तानी कुटुंबांचा अभ्यास करून एएसपीएम हे जनुक शोधून काढले. याच जनुकाचा भाऊबंद फळमाशीत १९८५ मध्येच परिचित झाला होता. तेथे त्याचे नाव 'विकृत चाती' अशा अर्थाचे ठेवलेले होते. पेशी विभागताना गुणसूत्रे ओढून दोन्हीकडे वाटून देणारी जी तंतूंची रचना असते तिला चाती म्हणावयास हरकत नाही. वर्ध्या-सेवाग्रामच्या शेजारी राहणाऱ्यांना चरख्याच्या चातीची ओळख काय करून द्यावी! चाती वाकडी झाली की सूत तुटते. येथेही काहीसे तसेच. २००६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे उंदरांच्या गर्भावर दिसून आले की हे जनुक मंदावले असता चाती कलते, पोकळीकडचा तुकडा दोन्ही मुलींना सारखा मिळत नाही, आणि ज्या मुलीला तो मिळत नाही ती अकाली मज्जापेशीच्या वाटेला लागते. भांडवल वेळेआधी मोडले जाते.

उंदराचे पूर्ण जनुक काढून टाकले तरी त्याचा मेंदू थोडासाच लहान होतो, ही अडचण मात्र पुष्कळ वर्षे राहिली. २०१८ मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग फेरेट या प्राण्यावर केला, तेव्हा मेंदूचे वजन चाळीस टक्क्यांपर्यंत उतरलेले आढळले. फेरेटच्या मेंदूला मनुष्यासारख्या वळ्या असतात, उंदराच्या मेंदूला नसतात. ज्याला भांडवल अधिक लागते त्याचा तोटाही अधिक. मध्यंतरी २०१३ साली व्हिएन्नात एका लघुमस्तक रुग्णाच्या पेशींपासून काचपात्रात मेंदूसदृश बारीक गोळे वाढविले गेले. दोष निराळ्या जनुकाचा होता, तरी तेथेही मूलपेशी घाई करून संपून गेल्या.

पेशींची संख्या ही एक गोष्ट. त्यांनी काय व्हावे ही दुसरी. या दुसऱ्या प्रश्नावरचे एक महत्त्वाचे काम मुंबईत झाले, याचा आपल्याला आनंद वाटणे स्वाभाविक आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा पाया घातला. तेथे १९९९ मध्ये डॉ. शुभा टोळे रुजू झाल्या. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात शिकलेल्या या विदुषींनी एलएचएक्स-२ हे जनुक अभ्यासास घेतले. उंदरांच्या गर्भात हे जनुक मुळीच नसले तर पुढचा मेंदू नीट घडत नाही, हे आधी ठाऊक होते. त्यांच्या चमूने व परदेशी सहकाऱ्यांनी त्यापुढे जाऊन ते काही पेशींतच नाहीसे केले, आणि २००८ च्या 'सायन्स'मधील निबंधात निष्कर्ष मांडला : हे जनुक हरवलेली मूलपेशी बाह्यकाची न राहता बाह्यकाच्या कडेची संघटक पेशी बनते, आणि शेजारच्या पेशींना स्मृतीचे केंद्र असलेला हिप्पोकँपस बनविण्याचा हुकूम सोडू लागते. परिणामी एका मेंदूत जागोजाग हिप्पोकँपस उगवतात! हुकूम देणारे केंद्र नेमके कोणते, हे यातून प्रत्यक्ष दिसले. शिवाय हा सगळा निर्णय गर्भाच्या अगदी आरंभीच्या अवधीत होतो. तो उलटून गेल्यावर तेच जनुक काढले तर हा बदल होत नाही. डॉ. टोळे यांना २०१० साली भटनागर पुरस्कार आणि २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

आता घराकडे वळू. मिरपुरी कुटुंबांची गोष्ट ऐकून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जुनी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात तिची शास्त्रीय नोंद केली आहे. समजा आजोबांकडे अशा जनुकाची एक बिघडलेली प्रत आहे. दुसरी प्रत चांगली असल्यामुळे ते स्वतः धडधाकट. त्यांच्या एका नातवाकडे ती प्रत येण्याचा संभव चारांत एक. आते-मामे भावंडे असलेल्या नवरा-बायको दोघांकडेही ती असण्याचा संभव सोळांत एक, आणि त्यांच्या मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याचा चौसष्टांत एक. म्हणजे बहुतेक घरी काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच एखाद्या घरी बिघडले की लोक ग्रहणाकडे बोट दाखवितात. खरे पाहता बिघडलेली प्रत एक बापाकडून येते आणि एक आईकडून, आणि दोघांनाही तिची खबर नसते.

लघुमस्तकाचे कारण प्रत्येक वेळी जनुकच असते असे नाही. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये झिका विषाणूने याच मूलपेशींवर हल्ला केला. महाराष्ट्रात त्या विषाणूचा पहिला रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला. डासांपासून गरोदर स्त्रीला जपणे हे ग्रहणापासून जपण्यापेक्षा निश्चित उपयोगाचे आहे.

गर्भातील मस्तकाचे माप कमी असल्याचे सोनोग्राफीत दिसू लागते ते बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर. मूलपेशींचा व्यवहार तोवर बराचसा आटोपलेला असतो. जनुकाची तपासणी मात्र आधीही करता येते. एक मूल असे झालेल्या आणि बिघडलेली प्रत ज्यांच्यात सापडली आहे अशा आईबापांना वैद्य सांगतात की पुढच्या प्रत्येक खेपेस संभव चारांत एकच आहे. पहिले असे झाले, आता पुढची तिघे खचित निरोगी निघतील, असा हिशेब मांडणारे वडीलधारे भेटतात. तो हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक खेपेस कवड्या नव्याने पडतात.