सक्तमजुरीचे गालिचे

20 नोव्हेंबर 1992 रोजी इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर किल्ल्याला आग लागली. वॉटर्लू दालनातला गालिचा गुंडाळून बाहेर काढायला तेव्हा सुमारे 50 सैनिक लागले. वजन 2 टनांच्या घरात, लांबीरुंदी अवाढव्य आणि तरीही त्यात एकही जोड नाही. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवासाठी तो खास हिंदुस्थानात विणवून घेतला होता. विणणारे होते आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातले कैदी.

आग्र्याला गालिचे नवे नव्हते. अकबराने आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर इथे कारखाने उघडले होते. इथला माल इतका सरस निघतो की इराणी गालिच्यांची आता कुणाला आठवण होत नाही, अशा अर्थाची फुशारकी अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त मारली आहे, पण व्यापारी किरमाण आणि सब्जवारहून माल आणतच असतात, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं. पुढे मोगल दरबार खंगला तसे कारखानेही खंगले. एवढ्या खर्चाच्या वस्तूला दरबाराखेरीज गिऱ्हाईक तरी कोण होतं?

त्या कारखान्यांची जागा कंपनी सरकारच्या तुरुंगांनी घेतली, आणि तीही कलेच्या प्रेमापोटी नव्हे. पूर्वी कैद्यांना साखळदंड घालून रस्त्याच्या कामावर धाडत. मेकॉले ज्या समितीवर होता त्या तुरुंग-सुधारणा समितीने 1838 साली ही पद्धत मोडून कैद्यांना भिंतींच्या आत कष्टाचं, कंटाळवाणं काम द्यावं असा सल्ला दिला. त्याच दशकात ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याने जबलपूरला माफीच्या साक्षीदार ठगांसाठी उद्योगशाळा काढली. तिथे तंबू शिवले जात आणि गालिचे विणले जात. ही रीत मग गावोगावच्या तुरुंगांत पसरली.

गालिचा तुरुंगाला मानवला, यात नवल नाही. उभ्या मागावर सुताचा ताणा ताणायचा, ताण्याच्या दोन धाग्यांभोवती रंगीत लोकरीचा तुकडा वळवून गाठ मारायची आणि कापायची. ओळ भरली की बाणा घालून पंजाने ठोकायचं. पुन्हा पुढची ओळ. चौरस इंचाला 100 गाठी म्हणजे मध्यमच वीण, पण 12 बाय 9 फुटांच्या गालिच्यात तेवढ्यानेही साडेपंधरा लाख गाठी भरतात. एका माणसाने दिवसाला 6,000 मारल्या तरी अडीचशेवर दिवस झाले. घरी विणणाऱ्याला इतके दिवस खायला घालायचं, तर सावकाराचं तोंड पाहावं लागे. तुरुंगात मजुरीचा प्रश्नच नव्हता आणि वेळ तर न्यायाधीशानेच मोजून दिलेला. शिवाय लांबलचक माग उभा करायला ऐसपैस पडव्या होत्या. रांगेने माणसं बसवली की दरबारी मापाचा अखंड गालिचा निघे.

1886 साली लंडनला वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलं. आग्रा तुरुंगाचे अधीक्षक डॉ. जॉन टायलर यांनी तिथे 34 कारागीर नेले. हात चालवताना लोकांनी पाहावेत म्हणून आणलेले हे सगळे त्यांच्याच तुरुंगातले होते. राणीला त्यांची इतकी भुरळ पडली की रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून तिने त्यांची चित्रं काढून घेतली. प्रदर्शनासाठी माल आणि माणसं निवडायला टायलर यांना तुरुंगातल्याच एका कारकुनाने मदत केली होती. त्याचं नाव अब्दुल करीम. वर्षभरात तो राणीच्या सेवेत रुजू झाला आणि तिचा लाडका मुन्शी म्हणून इतिहासात गेला.

तुरुंगातल्या या विणकामावर या प्रदर्शनाच्या आधीच तुटून पडला होता तो जॉर्ज बर्डवुड. जन्म बेळगावचा, पेशाने डॉक्टर, काही काळ मुंबईचा शेरीफ. 1880 साली छापलेल्या हिंदुस्थानी कलांवरच्या ग्रंथात त्याने तुरुंगाच्या गालिच्यांना झोडपलं. फुकटच्या मजुरीवर सरकारने बाजारात उतरून पिढीजात विणकरांचं पोट मारलं आणि मागणीबरहुकूम नक्षी बिघडवली, असा त्याचा रोख होता. रासायनिक रंगांवरही त्याचा राग होता.

नक्षीची तक्रार मात्र सरसकट टिकत नाही. पुण्याच्या येरवडा तुरुंगाचंच पाहा. विजापूरच्या आसार महालात, जिथे पैगंबरांचे केस जपून ठेवले आहेत, तिथे जुने गालिचे होते. त्यांचे नमुने येरवड्यात उतरवून घेतले आणि कैद्यांनी ते विणले. मूळ गालिचे झिजत होते, तेव्हा ती वेलबुट्टी येरवड्याच्या मागावर पुन्हा उमटत होती. हे काम काही सौंदर्यदृष्टीने केलेलं नसेल, पण झालं ते चांगलंच. आज जुन्या ‘आग्रा’ गालिच्यांच्या लिलावात तुरुंगाचा माल म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडत नाही, उलट भाव चढतो.

मजुरीच्या बाबतीत मात्र बर्डवुडचं म्हणणं खोडता येत नाही. अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्यात कैद्यांकडून करवून घेतलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घातली, ती याच कारणाने: बाहेरच्या मजुराला फुकट हातांशी स्पर्धा करता येत नाही. हिंदुस्थानच्या सरकारी तुरुंगांतले माग त्यानंतरही चालूच राहिले.