सागरी सस्तन प्राणी : आधी कोणाला वाचवायचे?

समुद्र अफाट आणि संवर्धनासाठीचा निधी मात्र तुटपुंजा. अशा स्थितीत देवमासे, डॉल्फिन, सील, समुद्री गायी यांपैकी आधी कोणाला आणि कोठे वाचवायचे, याचे उत्तर जगाच्या नकाशावर शोधण्याचा महत्त्वाचा प्रयत्न २०११ मध्ये झाला.

मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातील सांड्रा पोम्पा व हेरार्दो सेबायोस आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पॉल एर्लिच यांनी १२९ प्रजातींच्या वावराचे नकाशे एकत्र करून पाहिले. त्यांत १२३ प्रजाती सागरी, तर सहा गोड्या पाण्यातील होत्या. सर्वाधिक प्रजाती आढळणारी नऊ ठिकाणे त्यातून पुढे आली. बाहा कॅलिफोर्निया, ईशान्य अमेरिका, पेरू, अर्जेंटिना, वायव्य आफ्रिका, दक्षिण आफ्रिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचे किनारे ही ती ठिकाणे होत. एकूण प्रजातींपैकी ८४ टक्के प्रजाती या नऊ ठिकाणी मिळून आढळतात.

मात्र प्रजातींची संख्या हाच निकष लावला, तर एकाच जागी तग धरून असलेले प्राणी नजरेतून सुटतात. सैबेरियातील बैकल सरोवरात सीलची एकच जात आहे. पण ती जगात अन्यत्र कोठेही नाही. त्यामुळे बैकल, कॅस्पियन समुद्र, भूमध्य समुद्र, गॅलापागोस, तसेच अ‍ॅमेझॉन, यांगत्से, सिंधू आणि गंगा या नद्यांसह ११ ठिकाणांना ‘पर्याय नसलेली ठिकाणे’ म्हणून वेगळे स्थान देण्यात आले.

प्राधान्य ठरण्यास उशीर झाला, तर काय होते हे यांगत्सेने दाखविले आहे. २००६ मध्ये सुमारे सहा आठवडे शोध घेऊनही तेथे ‘बायजी’ जातीचा एकही डॉल्फिन दिसला नाही.

नकाशा प्राण्याचा वावर सांगतो. तो किती उरला आहे, हे मात्र गणनेतूनच कळते. भारताने २००९ मध्ये गंगेतील डॉल्फिनला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. त्यानंतर आठ राज्यांतील २८ नद्यांमध्ये साडेआठ हजार किलोमीटरहून अधिक अंतराची पाहणी करण्यात आली. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या या पहिल्या गणनेनुसार देशात ६,३२७ नदी-डॉल्फिन आहेत. त्यांपैकी सिंधू डॉल्फिन केवळ तीन असून, ते पंजाबमधील बियास नदीत आहेत. एकूण आकडा दिलासा देणारा असला, तरी तातडी कोठे आहे, हे या तीनच्या आकड्यावरून स्पष्ट होते.